दुसऱ्या पसंतीचे मोल

‘दुसरा’ हा शब्द आपण नेहमी थोड्या उपेक्षेनेच उच्चारतो. परंतु अमेरिकेतील ओकलंड शहराने २०१० साली आपला महापौर निवडला, तो दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या आधारानेच. तेथे या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. उमेदवार होते दहा. मतदाराने तिघांना पसंतीक्रम द्यायचा. सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद झाला, की त्याची मते पुढच्या पसंतीकडे जायची. पहिल्या मोजणीत डॉन पेराटा यांना शंभरांत सुमारे ३४ मते, तर जीन क्वान यांना २४. शेवटी क्वान सुमारे २,००० मतांनी विजयी झाल्या!

कोणी म्हणेल, हा पहिल्यावर अन्याय झाला. पण ६६ जणांचे मन अन्यत्र असताना ३४ जणांच्या आवडत्याला साऱ्या गावाचा कौल मिळाला, असे तरी कसे म्हणावे? ज्यांच्या तिन्ही पसंत्या बाद झाल्या, त्यांची मते अखेरच्या मोजणीत उरली नाहीत, ही उणीव खरीच. शिवाय ही पद्धत शहाणपणाची हमी देत नाही. २०१४ साली याच पद्धतीने मतदारांनी क्वान यांना घरी बसवले.

तरीही ती माणसाला एक अवघड प्रश्न विचारते : तुझ्या मनासारखे झाले नाही, तर तू कोणाबरोबर नांदशील? आणि उमेदवारालाही प्रतिस्पर्ध्याच्या पाठीराख्याचे दार नम्रपणे ठोठवावे लागते. पहिली पसंती आपली आवड सांगते. आपण चारचौघांत राहायला शिकलो की नाही, हे दुसरी सांगते.