शंभर खुर्च्यांचं विमान

राजूरहून निघून रंधा मागे टाकला आणि शेंडीला धरणाच्या भिंतीपाशी उभं राहिलं, की मला इटालियन विमान-रचनाकार जियानी काप्रोनीचं विमान आठवतं. भंडारदऱ्याची ही दगडी भिंत अजून बांधली जात होती, तेव्हा 1921 साली काप्रोनीने इटलीतल्या माज्जोरे सरोवरात एक अवाढव्य यंत्र उतरवलं. तीन-तीन पंखांचे तीन संच, प्रत्येकी सुमारे चारशे अश्वशक्तीची आठ लिबर्टी इंजिनं, खाली नावेसारखं धड आणि त्यात शंभर प्रवाशांची सोय. आपल्या दोन एसट्या भरतील एवढी माणसं तो अटलांटिकपार नेणार होता. 4 मार्च 1921 रोजी विमान पाण्यावरून उठलं, जरासं वर गेलं आणि सरोवरात कोसळलं. आत माणसांऐवजी वजन भरलेलं होतं. वैमानिक वाचला.

हायाओ मियाझाकींच्या 2013 च्या 'द विंड रायझेस' या ॲनिमेशनपटात हे विमान पुन्हा उडतं. जपानी अभियंता जिरो होरिकोशीच्या स्वप्नात काप्रोनी येतो, आधी बॉम्बफेकी विमानं दाखवतो आणि मग युद्धानंतरचं, प्रवाशांचं. इंजिनांचे आवाज या चित्रपटात माणसांनी तोंडाने काढलेत, त्यामुळे ती यंत्रं धापा टाकल्यासारखी वाटतात.

चित्रकाराने ठरवलं असतं तर ते विमान समुद्र ओलांडून गेलं असतं. कागदावर कोण अडवणार? मियाझाकींनी ते पाडलं. पंख मोडतात, आणि काप्रोनी ते उड्डाण टिपणाऱ्या कॅमेऱ्यातली फीत ओढून काढून फेकून देतो. मला ही त्या विमानाविषयीची सर्वांत मोठी माया वाटते. खोटं यश देऊन त्यांनी त्या माणसाचं दुःख झाकलं नाही.

आणि हे मियाझाकींनी करावं, याला अर्थ आहे. त्यांच्या घरच्या कारखान्यात होरिकोशीच्या झीरो या लढाऊ विमानाचे भाग बनत. झीरो उत्तम उडालं. काप्रोनीचीही बॉम्बफेकी विमानं पहिल्या महायुद्धात उडाली. लिबर्टी इंजिनसुद्धा युद्धासाठीच जन्मलेलं. तीच इंजिनं, तेच कसब घेऊन कुणी बॉम्बच्या जागी खुर्च्या मांडल्या, आणि नेमकं तेच विमान पडलं, हे मला अजून पचत नाही.

त्याचे काही अवशेष ट्रेंटोच्या काप्रोनी संग्रहालयात जपलेत. कधी तिथे गेलो, तर मी आधी खुर्च्यांची जागा शोधीन.