दुधाची चिठ्ठी

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी राज्यात, बोलिव्हर नावाची काउंटी आहे. नदीच्या गाळाने सुपीक झालेला हा मुलूख. 1960च्या दशकात तिथे नजर जाईल तिकडे कापूस होता. जमीन बहुतेक गोऱ्या मालकांची होती आणि राबणारे हात कृष्णवर्णीयांचे. त्यांचे पूर्वज गुलाम होते. 1865 साली गुलामी संपली, पण जमीन त्यांच्या नावावर झाली नाही. ते मालकाच्या शेतात वाट्याने राबत आणि मालकाच्याच खोपटात राहत.

मग कापूस वेचणारं यंत्र आलं. पाठोपाठ तणनाशक आलं, तेव्हा खुरपणीही गेली. 1967 साली शेतमजुरांना तासाला एक डॉलर किमान मजुरी लागू झाली, आणि अनेक मालकांनी उरलीसुरली माणसंही कमी केली. त्याच सुमारास सरकारचा फुकट शिधा बंद होऊन त्याजागी अन्नाची कूपनं आली. ही कूपनं विकत घ्यावी लागत. ज्या घरात महिनोन् महिने रोख पैसा येत नव्हता, त्या घराने ती घ्यायची कशाने?

जगातल्या उत्तम जमिनींपैकी एका जमिनीवर माणसं उपाशी राहू लागली.

त्याच काउंटीत माऊंड बायू नावाचं गाव होतं. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी 1887 साली जंगल तोडून ते वसवलं होतं. तिथे बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने, सरकारच्या पैशातून, एक दवाखाना काढायचं ठरवलं. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. जॅक गायगर. विद्यार्थी असताना ते दक्षिण आफ्रिकेत पोलेला इथे काही महिने राहिले होते. तिथे सिडनी आणि एमिली कार्क हे डॉक्टर दाम्पत्य झुलू वस्त्यांमध्ये काम करत होतं. रोग्याला तपासायचं तर त्याचं घर, पाणी आणि शेतही पाहायचं, हे गायगर तिथे शिकले.

दवाखाना सुरू होण्याआधी गायगर यांचे सहकारी जॉन हॅच वस्त्यावस्त्यांत फिरले. ते स्वतः कृष्णवर्णीय होते, समाजकार्य शिकलेले होते. लोकांना चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर जमवून ते विचारत, की तुम्हाला काय हवं? लोक म्हणत, खायला हवं. हाताला काम हवं. प्यायला चांगलं पाणी हवं, गळत नाही असं छप्पर हवं. डॉक्टरही हवा होता, पण तो यादीत वरती नव्हता.

1967 साली चर्चच्या एका घरात तात्पुरता दवाखाना सुरू झाला. पाचशे चौरस मैलांच्या टापूतून माणसं येऊ लागली. आया तान्ही बाळं घेऊन येत. बाळांना हगवण लागलेली असे, छातीच्या बरगड्या मोजता येत. औषधाने हगवण थांबे, बाळ घरी जाई, आणि काही दिवसांनी तेच बाळ पुन्हा दारात दिसे. परिचारिका घरी जाऊन पाहत, तर घरात दूध नसे, आणि पाणी शेतातल्या चराचं असे.

तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच अन्न लिहायला सुरुवात केली. इतकं दूध, इतकं मांस, इतकी भाजी, इतकी फळं. एकट्या बाळापुरतं लिहून चालणार नव्हतं, कारण कोणतीही आई एका लेकराला खाऊ घालून बाकीच्यांना उपाशी ठेवत नाही. म्हणून चिठ्ठी घरातल्या सगळ्या माणसांच्या हिशेबाने लिहिली जाई. ती घेऊन आया गावातल्या किराणा दुकानात जात. दुकानदार चिठ्ठी पाहून सामान देई आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्याकडे पाठवी.

ही गोष्ट वॉशिंग्टनला पोचली. सरकारी माणूस तक्रार घेऊन आला. औषधखात्याचा पैसा आजारावरच्या औषधासाठी असतो, असं त्याचं म्हणणं होतं. गायगर त्याला म्हणाले, की मी शिकलेल्या पुस्तकांत कुपोषणावरचा उपाय अन्न हाच दिला आहे. त्यावर त्या माणसाला काही बोलता आलं नाही. तो परत गेला आणि चिठ्ठ्या चालू राहिल्या.

पण चिठ्ठीचं दूध संपतंच. हे डॉक्टरांइतकंच लोकांनाही कळत होतं. आणि लोकांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. जन्मभर त्यांनी माती कसली होती. बी कधी पेरायचं, पाणी कुठे तुंबतं, कोणत्या तुकड्यात काय येतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नव्हती ती फक्त जमीन. हॅच यांच्या साथीने सुमारे हजार कुटुंबं एकत्र आली, नॉर्थ बोलिव्हर शेतकरी सहकारी संस्था उभी राहिली, तिने जमीन मिळवली, आणि जिथे कापसाशिवाय काही दिसत नव्हतं तिथे चवळी, रताळी, मोहरीची पालेभाजी डोलू लागली. जो राबे, त्याला त्यातला वाटा मिळे.

इकडे अभियंता अँड्र्यू जेम्स यांच्या देखरेखीखाली विहिरी खोदल्या गेल्या, हापसे बसले, संडास बांधले गेले, खिडक्यांना माश्या-डासांसाठी जाळ्या लागल्या. दवाखान्याचा पैसा बँकेत ठेवायचा होता. दवाखान्याने बँकेला अट घातली, की गावात शाखा उघडा, खिडकीवर इथली कृष्णवर्णीय मुलं-मुली बसवा आणि घरासाठी कर्ज देताना भेद करू नका. बँकेने ते मान्य केलं. रात्रीच्या शाळा निघाल्या. दहा वर्षांच्या आत त्या परिसरातून सात डॉक्टर तयार झाले.

एल. सी. डॉर्सी या त्याच मातीतल्या. वाट्याने शेती करणाऱ्या घरात जन्मलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, सहा मुलांच्या आई. त्या दवाखान्यात कामाला लागल्या, सहकारी शेतीचा कारभार पाहू लागल्या, शिकत शिकत डॉक्टरेटपर्यंत पोचल्या. पुढे त्या संपूर्ण आरोग्य केंद्राच्या संचालक झाल्या.

बोलिव्हरमधलं ते बाळ जंतूने आजारी पडलं, हे खरंच आहे. पण जंतू त्याच्या पोटात शिरला तो चराच्या पाण्यातून, आणि पोटात त्याला अडवायला अन्न नव्हतं. अन्न नव्हतं कारण बापाचं काम यंत्राने नेलं होतं, आणि जमीन पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची होती. या साखळीतली शेवटची कडीच तेवढी दवाखान्याच्या टेबलावर दिसते. गायगर आणि हॅच यांचं मोठेपण मला यात वाटतं, की त्यांनी त्या कडीवर उपचार करता करता मागच्या कड्यांना हात घातला, आणि त्या कुठे आहेत हे आजारी माणसांनाच विचारलं.

माऊंड बायूचा दवाखाना अजून चालू आहे. त्याच्या वाटेने निघालेली अशी सुमारे चौदाशे केंद्रं आज अमेरिकेत आहेत आणि तीन कोटींहून अधिक माणसं तिथे उपचार घेतात. त्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळात निम्म्याहून जास्त सदस्य तिथले रुग्णच असले पाहिजेत, असा तिथला कायदा आहे.