राज्यास धर्म असावा काय?

‘या देशांत शंभरांत ऐंशी लोक हिंदु आहेत, मग राज्यच हिंदुधर्मीय कां असूं नये?’ असें मुळशी खोऱ्यांतील आमच्या बंधुभगिनींस शेजारीपाजारी विचारतात. विचारणारे बहुधा द्वेषानें विचारीत नाहींत. म्हणून उत्तरही न्यायानें दिलें पाहिजे. ‘आम्ही थोडे आहों, आम्हांस राखा’ एवढेंच आमचें म्हणणें असेल, तर ती विनवणी होय, विचार नव्हे.

राज्याचा धर्म त्याच्या तिजोरीवरून कळतो. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास पर्वतीच्या रमण्यांत ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. ती रयतेच्या महसुलांतून निघे. आणि ज्यांस देवळाची पायरी चढूं देत नसत असेही लोक त्या रयतेंत होते. हें ऐकून कोणी ख्रिस्ती वाचक संतोषानें मान डोलवूं लागेल, तर त्यानें पुढचेंही ऐकावें. १८१३ च्या सनदेनें कलकत्त्यास बिशप नेमण्याचें ठरलें, व त्याचें वेतन हिंदुस्थानच्याच महसुलांतून द्यावयाचें होतें. म्हणजे हिंदु व मुसलमान शेतकऱ्यांच्या साऱ्यावर आमचा धर्माधिकारी पोसला गेला. पहिलें अन्याय्य, तर दुसरेंही अन्याय्यच.

भारतीय संविधानाच्या २७ व्या कलमानें, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठीं कर देण्याची सक्ती कोणावरही करितां येत नाहीं. गांवच्या जत्रेस कोणी आपखुषीनें वर्गणी दिली तर आमची हरकत कशास? पण घरपट्टीचा पैसा तिकडे जाऊं नये. आणि आमच्या प्रार्थनामंदिराच्या छपराकडेही वळूं नये. शिवाय, ज्या राज्यास धर्म असतो तें धर्माचा खरा अर्थ कोणता हेंही ठरवूं लागतें. मग वारकऱ्यासही सरकारी अर्थ मानणें भाग पडेल. ही हानि आमच्यापेक्षां हिंदूंचीच अधिक.

तथापि नुसत्या नांवानें काम होत नाहीं. नेपाळ हें हिंदु राज्य होतें. तें २००६ सालीं धर्मनिरपेक्ष म्हणून जाहीर झालें. तरी २०१५ च्या तेथील संविधानानें दुसऱ्याचें धर्मांतर करविण्यास मनाई केली. आमच्याकडे उलट घडलें. संविधानाच्या उद्देशिकेंत ‘धर्मनिरपेक्ष’ शब्द १९७६ सालीं आला, पण सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य १९५० पासूनच आहे.

मात्र त्याच १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढें १९५६ त शीख व १९९० त बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. बाप्तिस्मा घेतल्यानें जातीची झळ विझत नाहीं. (आमच्या मंडळ्यांतूनही ती पुरती विझलेली नाहीं.) म्हणून मुलाच्या दाखल्यावर जुनी नोंद ठेवून प्रार्थनेस येणारीं कुटुंबें उपदेशकांस भेटतात. त्यांस ढोंगी म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. सवलत हवी तर धर्म लपवा, अशी निवड त्यांच्यापुढें कोणी ठेविली, हें आधीं त्या आदेशास विचारलें पाहिजे.