पिस्तूल घ्यावे काय?

कोयनानगरसारख्या डोंगरी मुलखात आडबाजूला राहणाऱ्या माळकऱ्याने जुने पिस्तूल विकत घ्यावे काय? मुलाबाळांचे रक्षण हा प्रपंचाचा धर्मच आहे. १९५९ चा शस्त्र कायदाही परवान्याने हत्यार बाळगू देतो. मात्र विकणाऱ्याला आधी लेखी वर्दी देऊन ४५ दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत घेणाऱ्याने मनाला पुसावे, बाबा रे, नळीपुढे कोण दिसतो? वारीत ज्या अनोळख्याच्या आपण पाया पडतो, तोच ना? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने इथली घरे पाडली. तसल्या वेळी हाकेला शेजारीच धावतो. म्हणून आधी शेजार जोडावा. जिवाला खरा धोका असेल तर पोलिसांना सांगावे. नुसत्या भयापोटी पिस्तूल घेऊ नये, असे आम्हांस वाटते.