वेगळे ठेवायचे, पण कशापासून?

‘साथ पुन्हा आली तर या वेळी काहीही बंद करायचे नाही. त्या सगळ्याचा उपयोग नसतो, हे संशोधनानेच सिद्ध झाले आहे.’ संगमेश्वरच्या बाजारात, देवरुखच्या सभांत हे वाक्य आता ठामपणे बोलले जाते, आणि तेही शिकलेल्या माणसांकडून. २०२० मध्ये याच तालुक्यातल्या वाड्यांनी शाळा उघडून मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची सोय केली होती. त्या अनुभवातून हा धडा निघावा, हे मला मान्य नाही.

या म्हणण्याला आधार दिला जातो तो बहुधा कॉक्रेन संस्थेच्या जानेवारी २०२३ मधल्या आढाव्याचा. मास्क, हात धुणे अशा उपायांवरचे ७८ प्रयोग त्यात तपासले होते आणि मास्कमुळे श्वसनरोगांचा फैलाव ठळकपणे घटल्याचे त्यांत आढळले नव्हते. पण त्यातल्या अनेक प्रयोगांत ज्यांना मास्क लावायला सांगितले होते, त्यांपैकी कितीतरी जणांनी तो लावलाच नव्हता. ‘मास्क निरुपयोगी ठरले’ हा अर्थ चुकीचा आहे, असा खुलासा कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी मार्चमध्ये केला. परीक्षा झाली होती ती सल्ल्याची. निकाल मात्र उपायाच्या माथी मारला गेला.

माणसांना वेगळे ठेवून साथ अडवण्याची कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या बंदरातले चाळीस दिवस आणि बोटींवरची पिवळी निशाणे यांची उजळणी इथे नको. या कल्पनेला खरे वळण मिळाले ते आपल्या पुण्या-मुंबईत, आणि नेमके तेच आपण चुकीचे वाचत आलो आहोत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या अमलात सोल्जर घरांत घुसले. त्यांनी रुग्णांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले, सामान जाळले, भिंतींना चुना फासला. २२ जूनच्या रात्री रँडवर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली आणि हळूहळू सक्ती सैल पडली. ही गोष्ट आपण दोनच तऱ्हांनी सांगतो. एक, परकीय सरकारने अत्याचार केला आणि लोकांनी तो उधळला. दुसरी, उपाय शास्त्रीय होता, पण अडाणी लोकांना तो कळला नाही. दोन्ही सांगण्यांत एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते, की उपाय शास्त्राला धरून होता.

तो तसा नव्हता. गाठीचा प्लेग प्रामुख्याने उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत हे प्रयोगाने दाखवले, तेव्हा सरकारी आयोगाने ते मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्या आयोगाचे काम सुरू झाले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. उघडे ठेवलेले गिनीपिग मेले. पिसवा शिरू शकणार नाहीत अशा पिंजऱ्यांतले जगले. घर तेच आणि हवाही तीच होती, फरक होता तो फक्त पिसवांचा. मग सोल्जरांनी केले ते काय? रुग्णाला ओढून नेले, आणि रोग घरात ठेवला.

त्याच काळात गावोगावचे लोक दुसरेच काही करत होते. घरात उंदीर पडू लागले की ते गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. जीवशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण ‘उंदीर पडला की निघायचे’ हे अनुभवाने ठाऊक होते. परळच्या शोधानंतर या वागण्याचे कारण उलगडले. माणसाला माणसापासून तोडण्यापेक्षा त्याला त्या घरापासून, उंदरापासून दूर नेणे महत्त्वाचे होते. फुप्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी. तो माणसाकडून माणसाला होतो, आणि तिथे रुग्णच वेगळा ठेवावा लागतो. म्हणजे वेगळे ठेवण्याची कल्पना १८९८ नंतर मोडीत निघाली नाही. रोग कोणत्या वाटेने येतो हे आधी ओळखायचे आणि मग ती वाट तोडायची, असे नेमके रूप तिला तेव्हा आले.

याच इतिहासात आणखी एक धागा आहे. टिळकांनी सोल्जरांच्या वागणुकीवर टीका केली, पण विलगीकरणाला ते विरोधी नव्हते. ते पुण्यातच राहिले, त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे केले आणि छावणीत मोफत जेवणाची सोय केली. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. वेगळ्या ठेवलेल्या माणसाला कोण खाऊ घालणार, त्याच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न या दोघांनी कृतीने सोडवला. सरकारला तो सुचलाच नाही.

पुढचा प्रवास वादाचा नाही. १९१८ च्या फ्लूमध्ये अमेरिकेतल्या ४३ शहरांनी काय केले, याचा अभ्यास २००७ मध्ये झाला. ज्या शहरांनी लवकर सुरुवात केली, अनेक उपाय एकत्र योजले आणि ते बराच काळ चालू ठेवले, तिथे मृत्यू कमी झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनेही कोविडबद्दल जवळपास तेच म्हटले.

रोगाची वाट तोडली का, आणि वेगळ्या ठेवलेल्या माणसाची सोय केली का? आता या दोन कसोट्या २०२० ला लावून पाहू. कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून जातो, तरी आपण वेशीवर आणि रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारत होतो. तो भिंतींना फासलेला चुनाच होता. शाळेच्या एकाच बंद खोलीत वेगवेगळ्या दिवशी आलेले लोक ठेवणे म्हणजे रोगाला वाट करून देणे. उलट कोकणातल्या घराची उघडी पडवी ही विलगीकरणाची चांगली जागा. त्या गणेशोत्सवात चाकरमान्यांना १२ ऑगस्टच्या आत पोहोचून दहा दिवस वेगळे राहायला सांगितले गेले. ज्या वाडीत शेजारी गडग्यावर डबा ठेवून जात होते, तिथे ते दहा दिवस निभावले. जिथे मुंबईकराकडे संशयाने पाहिले गेले, तिथे माणसे ताप लपवू लागली. लपवलेला ताप साथीला जेवढे बळ देतो, तेवढे कशानेच मिळत नाही.

सोय आणि सोबत दिली तर सल्ल्याचे काय होते, हे बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांमधल्या प्रयोगाने दाखवले. मास्क फुकट, घरपोच दिले. इमाम आणि गावपुढारी स्वतः ते लावू लागले. वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह सिद्ध झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली. साठीपुढच्यांमध्ये ती ३५ टक्क्यांनी घटली. निम्म्याहून अधिक लोक मास्क लावत नसतानाचा हा परिणाम आहे.

म्हणून ‘काहीच करायचे नाही’ हा संशोधनाचा निष्कर्ष नाही. ती आपण शोधलेली पळवाट आहे, आणि तिची किंमत म्हातारी माणसे, आशाताई आणि रोजंदारीवर पोट असलेले लोक मोजतील. १८९७ चा कायदा २०२० मध्येही आपण तसाच काढून वापरला. साथीत सरकार माणसाला काय करू शकते, हे त्यात लिहिले आहे. वेगळ्या ठेवलेल्या माणसाचे सरकार काय देणे लागते, हे मात्र त्यात ठरवून दिलेले नाही. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी २०२० मध्ये शिक्षेची तरतूद जोडली गेली, ते योग्यच झाले. पण बुडालेली मजुरी, जेवण आणि औषध यांचा हक्क कायद्यात अजूनही नाही.

तो कायद्यात यायला वेळ लागेल. ग्रामसभेच्या ठरावात तो येत्या सभेतही येऊ शकतो. हवेशीर जागा कुठल्या, डबा कोण पोचवणार, बुडालेल्या मजुरीसाठी पैसा कुठून येणार, एवढे साथ नसताना लिहून ठेवले, तर पुढच्या साथीत कोणालाही ओढून न्यावे लागणार नाही.