ताटाशेजारची गोळी

काही वर्षांपूर्वी मराठी माणूस जेवणावरून हिरिरीने भांडत होता. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा, असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते. थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, असं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. दीक्षितांची मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. २००४ साली जिचकार अपघातात गेले आणि दीक्षितांनी ती गावोगाव नेली. नवी मुंबईत वाशीच्या मिनी सी-शोअरला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांतही दोन पक्ष पडले. किती वेळा खायचं यावर सगळे बोलले. खाणारा मधुमेहाची कुठली गोळी घेतो, हे विचारायचं मात्र बहुतेकांच्या मनातही आलं नाही.

वजन उतरवल्याने टाइप २ मधुमेह आटोक्यात येतो, यात आता शंका नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मर्यादेत होती. १५ किलो किंवा जास्त घटवणाऱ्यांत हेच प्रमाण ८६ टक्के. २०१७ साली हे आकडे आपल्याकडेही गाजले. त्यामागची शिस्त गाजली नाही. इन्सुलिन घेणारे त्यात नव्हतेच, मधुमेह सहा वर्षांहून जुना असलेलेही नव्हते, आणि बाकीच्यांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आहार सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या.

आपण काय करतो? ताट अर्धं करतो आणि गोळी पूर्ण घेतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न गेलंय की नाही, हे तिला कळत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी. पण कित्येकांच्या एकाच गोळीत दोन्ही असतात आणि घरात तिची ओळख ‘शुगरची सकाळची’ एवढीच. ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्याचं जेवण पहाटे होतं, गोळी मात्र नऊच्या गजराला पोटात जाते. मग साखर उतरते: दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड. ‘डाएट लागू पडतंय’ अशी कुणी त्याची समजूतही काढतो! साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचं आणखी वेगळं. त्या चालू असताना कडक उपास केला किंवा भात-पोळी अजिबात सोडली, तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. अशा वेळी उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली तर ती पित्तावर ढकलून घरी बसू नये.

आता ताटाकडे वळू, पण त्याआधी कंबरेकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. तपासलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! म्हणजे वजनावरून न कळणारी चरबी आपल्या अंगात जास्त असू शकते, म्हणून आपण काट्यापेक्षा कंबरेवर लक्ष ठेवावं: पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या.

त्यासाठी विलायती बिया आणि महागडे डबे लागत नाहीत. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरातलं बोंबलाचं किंवा मांदेलीचं कालवण उत्तम आहे. कमी करायचा तो त्याखालचा भाताचा डोंगर आणि तांदळाची दुसरी भाकरी. घाटावरून आलेल्या माथाडी कुटुंबात ज्वारीची भाकरी ‘चालते’ म्हणून तीन-तीन खाल्ल्या जातात. ज्वारीतही पिष्ट असतंच. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि ताटाचा अर्धा भाग भाजी, एवढं जमलं तरी पुष्कळ. मूत्रपिंडाला त्रास असलेल्याने मात्र प्रोटीन पावडरच्या नादी लागू नये.

दोनदा खा की पाचदा, माझा कुठल्याच पक्षाला विरोध नाही. दीक्षितसुद्धा आधी रक्ततपासणी करायला सांगतात, ते तरी ऐका. दिवाळीचा फराळ संपल्यावर डाएटचा निश्चय कराल, तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: उद्यापासून मी कमी खाणार आहे, यातली कुठली कमी करायची?