परिक्रमेतील सदावर्त

तीर्थयात्रेचे माहात्म्य वर्णिताना क्षेत्राचे, दर्शनाचे व स्नानाचे पुण्य आवर्जून सांगितले जाते. यात्रेकरू ज्या वाटेने चालत गेला, त्या वाटेवरील माणसांचे पुण्य मात्र बहुधा सांगावयाचे राहून जाते. श्रीनर्मदा परिक्रमा ही या दृष्टीने आगळी यात्रा होय. येथे शेवटी गाठावयाचे असे एकच देवालय नाही. नदी हीच देवता आणि तिच्या काठची वाट हाच प्रदक्षिणामार्ग.

अमरकंटक येथे उगम पावलेली नर्मदामैया सुमारे १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. तिला सदैव उजव्या हाताशी ठेवावयाचे, पात्र ओलांडावयाचे नाही. केवळ सागरसंगमावर नावेतून पलीकडच्या तीरास जावयाचे. अशी ही वाटचाल अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करून केलेल्या परंपरागत परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात. अलीकडे पुष्कळ भाविक ती काही महिन्यांतही पूर्ण करतात.

परिक्रमावासीने द्रव्याचा संचय करू नये, उद्याची शिदोरी बांधून घेऊ नये, असा दंडक आहे. त्यामुळे दररोज सायंकाळी त्यास एका अनोळखी दाराशी उभे राहावे लागते. तो ‘नर्मदे हर’ म्हणतो, आतूनही ‘नर्मदे हर’ असेच उत्तर येते. त्यानंतरचा प्रश्न ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘किती मूर्ती आहेत?’ असे विचारले जाते. माणसे किती, असे नव्हे. धुळीने माखलेला, पायास फोड आलेला, दोन दिवसांत धड स्नानही न झालेला तो वाटसरू त्या घराच्या लेखी मूर्ती असतो. ओसरीवर आसन लावावयास जागा मिळते. कोठे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा, म्हणजेच सदावर्त मिळते, तर कोठे शिजलेले अन्न पुढे येते. पुरुष असल्यास महाराज, स्त्री असल्यास माताराम, एवढीच ओळख पुरते. (नाव-गाव विचारले गेलेच, तर ते आश्रमाच्या वहीत नोंद करण्यापुरते!)

या यात्रेत चालणे अवघड आहेच. पण अनेकांना घेणे त्याहूनही अवघड जाते. नोकरीत अधिकार गाजविलेला, देणगीची पावती घेण्याची सवय असलेला सुशिक्षित गृहस्थ पहिल्या काही दिवसांत हमखास खिशात हात घालतो. समोरची वृद्ध माता हात जोडून नकार देते, आणि त्यास प्रथमच उमगते की आपण आज दाते नाही. ज्या घरी दुसऱ्या वेळची भाकरी होईल की नाही याची भ्रांत, त्या घरची भाकरी त्याच्या पानात पडलेली असते. तिचे मोल पैशात करू पाहणे म्हणजे त्या घरास दुकान ठरविणे होय.

तैत्तिरीय उपनिषदात अतिथीस देव मानण्याची आज्ञा आहे. त्याच ठिकाणी दान श्रद्धेने द्यावे, संकोचून द्यावे असेही सांगितले आहे. घेणाऱ्याने संकोचावे हे जगाच्या रीतीस धरून आहे. देणाऱ्याने संकोचावे, ‘यापरते काही देता येत नाही’ असे वाटून द्यावे, हे शास्त्राचे मागणे आहे. श्रीमद्‌भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात जो परतफेड करू शकणार नाही त्यास दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. परिक्रमावासी उद्या पुढच्या गावी जाणार, त्याची पुन्हा भेट नाही. परतफेडीचा प्रश्नच उरत नाही.

भागवताच्या नवम स्कंधातील राजा रंतिदेवाची कथा सर्वश्रुत आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर मिळालेले अन्न त्याने एकापाठोपाठ आलेल्या याचकांस वाटले आणि उरलेले पाणीही तहानलेल्या चांडाळास दिले. ही कथा ऐकताना ती कोण्या पुराणकाळची वाटते. परंतु परिक्रमेचे अनुभव वाचणाऱ्यास ती तितकी दूरची वाटत नाही.

शूलपाणीच्या झाडीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. पूर्वी या अरण्यात परिक्रमावासीयांना लुबाडले जाई, अंगावरील वस्त्रेही जात, अशी वर्णने प्रवासग्रंथांत आढळतात. त्यावरून तेथील भिल्ल समाजास दूषण देणे सोपे आहे; परंतु डोंगरातील दारिद्र्य व उपासमार यांचा विचार दूषण देणारे सहसा करीत नाहीत. त्याच डोंगरांतील पाड्यांवर आज यात्रेकरूस पाणी, भाकरी व निवारा मिळतो. नर्मदेचा थोडा तीर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात येतो. सरदार सरोवराच्या जलाशयाने याच जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. जुने शूलपाणेश्वर मंदिरही पाण्याखाली गेले व गोरा येथे नवीन उभारले गेले. देवास नवे स्थान मिळाले. घर व शेत गमावलेल्या कुटुंबांपैकी अनेकांचा पुनर्वसनाचा लढा मात्र वर्षानुवर्षे चालला. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले, तेव्हाही तो संपलेला नव्हता. ज्यांच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनी आसन लावले, त्यांच्याच ओसऱ्या बुडाल्या, ही गोष्ट परिक्रमेचे पुण्य सांगताना वगळता येत नाही.

महेश्वरी राहून पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. त्यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. देवस्थानांना नामफलक लागतात, पावतीपुस्तके लागतात. त्यावाचून हिशेब चोख राहत नाही. पण पाड्यावरील त्या मातेच्या भाकरीची पावती कोणी फाडलेली नाही. अलीकडे वाहनांनी येणाऱ्या काही यात्रेकरूंकडून चहाची, गादीची, गरम पाण्याची अपेक्षा व्यक्त होते असे कानी येते. सदावर्त हा हक्क नव्हे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. यजमान मात्र सांगत नाहीत.

ओंकारेश्वरी परिक्रमा पूर्ण झाल्यावर आरंभापासून सोबत वाहिलेले नर्मदाजल ज्योतिर्लिंगास अर्पण होते, कन्यापूजन होते, कढाईचा प्रसाद वाटला जातो. ज्यांचे अन्न खाल्ले ती घरे तोवर शेकडो कोस मागे राहिलेली असतात, कित्येकांची नावेही ठाऊक नसतात. म्हणून प्रसाद घेण्यास त्या दिवशी घाटावर जो कोणी उभा असेल, त्यालाच पंगतीस बसविले जाते.

॥ नर्मदे हर ॥